किल्ली काढल्यावरचा खोकला

मिस्त्रींची गाडी किल्ली काढल्यावरही खोकायची. रीतसर बंद करावी, किल्ली खिशात टाकावी, एक पाय दाराबाहेर काढावा, आणि तेवढ्यात बॉनेटखालून खक्, खक् असे दोन दणके यावेत. मग गाडी एकदा अंग झाडायची आणि तेव्हा कुठे गप्प व्हायची. सगळ्या वस्तीच्या गाड्या बऱ्या करणाऱ्या माणसाच्या दारात ही अशी गाडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कारण त्यांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. जुनं इंजिन, दोन कार्बोरेटर, आत साचलेली काजळी. ती तापून लाल झाली की किल्लीला जुमानत नाही, उरलंसुरलं पेट्रोल आपलं आपण पेटवते. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मिस्त्रींनी एका दुपारी हेड उघडून खरवडून दिलं असतं. स्वतःच्या गाडीला ती दुपार कधी मिळालीच नाही. "येत्या रविवारी बघतो," असं ते इतक्यांदा म्हणाले होते की घरात त्या रविवारची थट्टा व्हायची.

गाडी होती मात्र नवलाची. लाल, बसकी, कापडी टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार. कुणा हौशी माणसाने ती मिस्त्रींच्या गॅरेजात दुरुस्तीला टाकली आणि तो परदेशी गेला तो गेलाच. वाट बघून बघून त्याच्या भावाने कागद करून दिले आणि म्हणाला, "तुम्हीच ठेवा, आमच्या मागची कटकट तरी जाईल." मिस्त्रींचं लग्न तेव्हा नवं होतं. त्यांनी गाडी चकचकीत करून घरी आणली, तर बायको दारात उभी राहून म्हणाली, "यात बसायचं की निजायचं?"

मिस्त्रींच्या आईने वेगळीच शंका काढली. "दोनच जागा? अरे, उद्या तिसरं माणूस येईल ते कुठे बसेल?"

तिसरं माणूस काही आलं नाही. पहिली काही वर्षं त्या वाक्याने बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचं, मग येईनासं झालं. मिस्त्री दिवसभर गॅरेजात आणि सुट्टीच्या दिवशी गाडीखाली, म्हणून तिने गाडीचं नाव सवत ठेवलं. संध्याकाळी गाडी दारात येऊन खोकली की ती आतून ओरडायची, "आली माझी सवत! तिला आधी औषध द्या हो, मग माझ्याकडे बघा." शेजारपाजारचे हसायचे. मिस्त्री ओशाळून आत यायचे आणि म्हणायचे, "येत्या रविवारी."

असे तीसेक वर्षांचे रविवार गेले. मग बायको विसरायला लागली.

आधी गॅस, मग नळ, मग नावं. मग एकदा सकाळी चहा पिता पिता तिने मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही इथेच राहता का?" मिस्त्री हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. ती उत्तराची वाट बघत राहिली तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

डॉक्टरांनी फोटो काढले, तपासण्या केल्या, नीट समजावून सांगितलं. मिस्त्रींनी आपल्या परीने विचारलं, "म्हणजे पार्ट नेमका कुठला गेलाय?"

डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "एखादा पार्ट नाही गेलेला. आतलं सगळं वायरिंगच हळूहळू जातंय. आणि ते बदलता येत नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. जळत जाणारं वायरिंग त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. आज हेडलाइट, उद्या हॉर्न, आणि कुठून कुठे पोचेल याचा नेम नाही.

त्यांची थोरली बहीण एकटी होती, ती सामान घेऊन राहायलाच आली. ताईंची जीभ तिखट, पण हात मायेचा. भावजयीला न्हाऊ घालणं, केस विंचरणं, दाराला कडी आहे ना ते बघणं, सगळं त्या करायच्या. बायको त्यांना कधी वन्सं म्हणायची, कधी बाई, कधी नर्स. ताई प्रत्येक हाकेला ओ द्यायच्या.

दिवसभर ती मिस्त्रींना ओळखायची नाही. डोळ्यांना सगळं दिसायचं, पण दिसलेलं आतल्या कशाशीच जुळायचं नाही. रात्री शेजारी कोण निजलंय म्हणून ती दचकून उठायची, तेव्हा मिस्त्रींनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. आणि तरी रोज संध्याकाळी एक चमत्कार व्हायचा. गाडी दारात यायची, बंद व्हायची, आणि मिस्त्री बाहेर पडेपर्यंत दार उघडलेलं असायचं. दारात ती. "आली माझी सवत! आज उशीर केलात." मग चहा व्हायचा. ती त्यांना दिवसभरात काय केलं ते विचारायची, त्यांच्या नखांतल्या ग्रीसवरून बोलायची, एकदा तर कॉलर नीट करता करता म्हणाली, "वाळलात हो." कप धुऊन होईतो ते सगळं पुसलं जायचं. पण तेवढा वेळ ती त्यांची बायको असायची. मिस्त्री त्या चहावर जगत होते असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही. बाकीचा दिवस ते फक्त ढकलायचे.

आणि त्याच गाडीने एका संध्याकाळी दगा दिला.

घर दोन चौक राहिलं असताना मागून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, इंजिन गुदमरलं आणि बसलं. ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस. म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकला तडा, रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये. मिस्त्रींनी गाडी ढकलून कडेला लावली आणि ते चालत घरी गेले. दार सताड उघडं होतं. ताई मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या. बायको नव्हती.

ती सापडली पेट्रोल पंपावर. कठड्यावर बसली होती, एका पायात चप्पल, दुसरा पाय खरचटलेला. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे वाकून बघत होती. मिस्त्रींनी तिचा हात धरला तर तिने तो झटकला आणि पंपावरच्या माणसाला म्हणाली, "या माणसाला सांगा ना, मला हात लावू नकोस म्हणून."

त्या रात्रीनंतर मिस्त्रींच्या डोक्यात एकच खिळा ठोकला गेला. गाडी वेळेवर आली नाही म्हणून ती बाहेर पडली. तेव्हा ही गाडी यापुढे एकही दिवस रस्त्यात थांबता कामा नये.

त्यांचा जुना दोस्त लेथवाला. गॅरेजच्या भिंतीला लागून त्याचं दुकान. त्याने ब्लॉकवर बोट फिरवलं, तड्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "टाके घालतो. वर्षभर ओढेल कशीबशी."

"मग?"

"मग पुन्हा बघू."

"नको," मिस्त्री म्हणाले. "मला कसंबसं नको. रोज येणारं इंजिन पाहिजे. मी मेलो तरी दारात येऊन उभं राहील असं."

इंजिन मिळालं एका डिलिव्हरी व्हॅनचं. मागून ठोकली गेली होती, पुढचा भाग जसाच्या तसा. साधं, गरीब, पाव विकणाऱ्याच्या गाडीचं इंजिन. पण कधी रुसणार नाही असं. लेथवाला म्हणाला, "शर्यतीच्या घोड्याला टांग्याच्या घोड्याचं काळीज लावतोयस." मिस्त्री म्हणाले, "टांग्याचा घोडा घरी तर येतो."

मग सुरू झाला तो उद्योग. ज्यांनी कधी एका गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत घातलं नाही त्यांना वाटतं, उचललं आणि ठेवलं. तसं नसतं. व्हॅनचं इंजिन उंच, गाडी बसकी, बॉनेट लागेना. म्हणून इंजिनाची बैठक खाली घेतली, तर ऑइलची टाकी पुढच्या दांड्यावर आपटायला लागली. ती कापून उथळ केली, पुन्हा वेल्ड केली, पाणी भरून रात्रभर ठेवली, झिरपत नाही ना ते पाहिलं. गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा होता, पण त्याचे बोल्ट आणि नव्या इंजिनाचे बोल्ट यांचं काही केल्या जमेना. लेथवाल्याने मधे बसणारी जाड प्लेट कातून दिली. पहिली केसभर तिरकी झाली. त्याने शिवी हासडून दुसरी कातली. व्हॅनचा कंप्युटरचा डबा आणि त्यातून निघालेल्या वायरींचा जुडगा पाहून तर मिस्त्रींच्या नाकी नऊ आले. पण वायर न वायर त्यांनी शोधली, पकडली, जोडली. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा सूड घेतल्यासारखं ते वायरिंग त्यांनी केलं.

एका गोष्टीची त्यांनी फार काळजी घेतली होती, ती म्हणजे आवाजाची. बायको आवाजाने ओळखते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सायलेन्सर जुनाच ठेवला, मागची नळी जुनीच ठेवली. गंजलेला तुकडा कापून तेवढ्याच मापाचा घातला. आवाज नळीत असतो, असं त्यांचं म्हणणं.

ताई रोज डबा घेऊन गॅरेजवर यायच्या, भावजयीला शेजारणीपाशी बसवून. गाडी नव्हती, त्यामुळे घरी चहाची ती वेळही नव्हती. मिस्त्री पायी यायचे आणि परका माणूस म्हणून घरात शिरायचे. ताईंना भाऊ झिजताना दिसत होता. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! काय चालवलंयस हे?"

मिस्त्री गाडीखालून म्हणाले, "म्हशीचं औषध मिळालं असतं तर तेच नसतं का दिलं, ताई?"

ताईंनी पदराने कपाळ पुसलं. डबा ठेवून गेल्या.

गाडी सुरू झाली त्या दुपारी लेथवाल्याने आपलं यंत्र बंद केलं आणि तो हात पुसत येऊन उभा राहिला. अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन धरलं. धूर नाही, थरथर नाही. मागून आवाज जवळजवळ तोच, थोडा तरुण म्हणा हवं तर. मिस्त्रींनी दोनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि किल्ली फिरवली. इंजिन जागच्या जागी गप्प झालं. मिस्त्री कान देऊन थांबले. काही नाही.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "ऐकलंस का? एकदम बंद! इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"पेट्रोलच तुटतं ना यात किल्लीबरोबर," लेथवाला म्हणाला. "हे कशाला खोकतंय."

"आता म्हणू दे तिला औषध द्या म्हणून. घ्या म्हणावं, रविवार आला!" मिस्त्री हसले. कित्येक महिन्यांत लेथवाल्याने त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तोही हसला, आणि त्यांनी चहा मागवला.

संध्याकाळी मिस्त्रींनी दाढी केली, शर्ट बदलला. गाडी गल्लीत वळली, दारात आली. त्यांनी किल्ली फिरवली आणि ते दाराकडे बघत बसले.

दार उघडलं नाही.

त्यांनी गाडी पुन्हा सुरू केली, गुरगुरवली, बंद केली. दोनदा, तीनदा. समोरच्या घरातलं कुणी खिडकीत आलं. शेवटी ताईंनी दार उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मिस्त्रींना कळायचं ते कळलं. आत बायको खुर्चीत बसली होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर सावरल्यासारखी शाल ओढून घेतली, परका पुरुष आत आला की घेतात तशी.

"आवाज तर तोच आहे," मिस्त्री स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले. "नळी तीच आहे, ताई. सायलेन्सर तोच आहे."

ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "अरे, त्या आवाजाने ती उठायचीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "गल्लीतून दिवसभर गाड्या जातात, तिला काय त्याचं? तुझी गाडी दारात येऊन थांबली तरी ही बसलेलीच असायची. मग ते खक्-खक् व्हायचं. ते झालं की आधी हसायची. मग उठायची."

इतकी वर्षं तो खोकला व्हायचा तेव्हा मिस्त्री बाहेर गाडीत असायचे. दाराच्या या बाजूला काय होतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना दिसायचं ते फक्त उघडलेलं दार.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला काय ठाऊक तू खोकलाच काढून टाकशील! तू म्हणालास गाडी नीट करतो. मला वाटलं, नीट करतोय." बोलता बोलता ताईंना रडू फुटलं. मिस्त्रींना तेही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेज न उघडताच ते जुनं इंजिन परत आणायला भंगारवाल्याकडे धावले. लेथवाल्याला टाके घाल म्हणावं, वर्षभर तर वर्षभर. भंगारवाल्याने कोपऱ्यातला ढीग दाखवला. बिडाचा ब्लॉक ट्रकमध्ये नीट रचला जात नाही, म्हणून घणाने फोडतात; तसा फोडून तो केव्हाच भट्टीवर गेला होता. मिस्त्रींनी स्वतःच तर हातगाडीवर घालून पाठवला होता, जागा अडते म्हणून.

मग त्यांनी जे केलं ते लेथवाल्याला बघवेना. जन्मभर आजारी इंजिनं बरी केलेला माणूस चांगलं इंजिन आजारी पाडायला बसला. फळीवर जुने कार्बोरेटर उरले होते, ते नव्या इंजिनावर चढवले. टायमिंग बिघडवलं. पेट्रोलात रॉकेल ओतलं, इंजिन लाल होईतो पळवलं, किल्ली काढली, कान लावला. गप्प. पुन्हा पळवलं. गप्प.

"सोड," लेथवाला म्हणाला. "आतून नवंकोरं आहे ते. असं खोकायला वर्षं जावी लागतात."

"वर्षं कुठून आणू?" मिस्त्रींनी विचारलं. लेथवाल्याने त्यांच्या हातातला पाना काढून घेतला.

तशीच गाडी एकदा घरी नेली तेव्हा ती खोकली नाही, पण मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला. बायको कानांवर हात दाबून टेबलाखाली शिरली आणि तासभर बाहेर आली नाही. मिस्त्रींनी कार्बोरेटर उतरवले, टायमिंग जागेवर आणलं, टाकी धुतली. गाडी पुन्हा शहाणी झाली. ते रोज तिने जायचे, रोज तिने यायचे. ती एक दिवसही थांबली नाही. हवी होती तशीच झाली होती ती, आणि मिस्त्रींना तिच्याकडे बघवत नव्हतं.

एका संध्याकाळी ते असेच दारात येऊन थांबले. किल्ली फिरवली. इंजिन गप्प. गल्लीत कुणी नव्हतं. मिस्त्रींनी आरशातून मागे पाहिलं, समोर पाहिलं. कुणी पाहिलं असतं तर म्हातारा खुळावला म्हणालं असतं, आणि त्यात फारसं खोटंही नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली आणि ते खोकले. एकदा हलका, मग तेवढंच अंतर सोडून दुसरा जड. ते अंतर त्यांना पाठ होतं.

आत खुर्ची सरकली.

मिस्त्रींचा हात दाराच्या मुठीवर थिजला. पावलं वाजली. मधेच थांबली. पुन्हा वाजली. दार उघडलं आणि दारात ती. मागे ताई उभ्या, तोंडावर हात धरून.

तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. पायरी उतरून ती गाडीपाशी आली आणि वाकून तिने तो खिडकीतून आत धरला.

"घ्या, पाणी घ्या. फार खोकताय."

मिस्त्रींनी ग्लास घेतला. थोडं पाणी शर्टावर सांडलं.

"आत या म्हटलं असतं," ती म्हणाली, "पण आमचे हे घरात नाहीत. येतीलच आता."

"आले की कसं कळतं तुम्हाला?" मिस्त्रींनी विचारलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी तिला तुम्ही म्हटलं होतं.

"त्यांची गाडी खोकते ना!" ती हसली. अगदी तेच हसू, दाराच्या पलीकडे हसायची ते. मिस्त्री ते पहिल्यांदा बघत होते. "माझी सवत आहे ती. जगाच्या गाड्या बऱ्या करतात आणि हिला औषध नाही. येत्या रविवारी बघतो म्हणतात."

"बघतील," मिस्त्री म्हणाले.

"नको हो." तिने आवाज खाली आणला. "त्यांना सांगू नका, पण मला वाटतं, तो रविवार न आलेलाच बरा. खोकू दे बापडी. मला कळतं तरी, आलेत म्हणून."

मिस्त्रींनी उरलेलं पाणी संपवून ग्लास परत दिला. तिने तो घेतला, गाडीवरून एकदा नजर फिरवली आणि शेजाऱ्याशी बोलावं तशी अदबीने म्हणाली, "छान आहे तुमची गाडी. बंद केली तरी कळत नाही. पण जरा पुढे घेता का? आमचे हे इथेच लावतात."

"हो," मिस्त्री म्हणाले. "घेतो ना."

अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन सुरू झालं. त्यांनी गाडी दोन घरं पुढे नेऊन लावली आणि किल्ली काढली. आरशात ती दिसत होती. रिकामा ग्लास हातात धरून ती गल्लीच्या तोंडाकडे बघत उभी होती.